पेशवाईच्या शेवटच्या युद्धात कैद झालेल्या पूर्वजाचे कागद कुठे शोधावेत?

नौपाडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुन्या कागदपत्रांत मुरलेली बरीच माणसं इथे आहेत, म्हणून थेट विचारतो. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात पकडल्या गेलेल्या एखाद्या साध्या शिलेदाराचा माग आज काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

आमचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की राणोजी नावाचे आमचे पूर्वज स्वतःचं घोडं घेऊन पेशव्यांच्या फौजेत होते. इंग्रजांनी त्यांना धरलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथून काळ्या पाण्यावर पाठवलं. ते परत आले नाहीत. तिथी कुणालाच माहीत नाही, म्हणून सर्वपित्रीला त्यांच्या नावाचं पान वेगळं वाढतात.

मी नोकरीनिमित्त ठाण्यात आलो आणि इथलाच झालो. तो किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह, माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. भूगोल पायाखाली आहे, कागद मात्र एकही नाही. कैद्यांची एखादी यादी, वही, काहीतरी असेलच ना?

जुने_ठाणे

चांगला विषय काढलात. आधी किल्ल्याचं सांगतो. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणं ज्यात येतं ते बेट, त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे तुमचे राणोजी ठाण्यात आले असतील तेव्हा इथे कंपनीचं राज्य मुरून चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. त्यामुळे ठाण्यातल्या कैद्याचा कागद पेशवे दफ्तरात शोधू नका. तो मुंबई सरकारच्या कागदांत, म्हणजे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात.

आजच्या कारागृहात १८१८ ची वही मिळेल ही आशाही सोडा. तेव्हा तिथे पलटण होती. आणि तो चालू तुरुंग आहे, सहज आत जाऊन चौकशी करण्यासारखी जागा नव्हे.

ऐरोलीची_मनीषा

नौपाडेकर दादा, एक शंका. काळं पाणी म्हणजे अंदमान म्हणताय का? अंदमानातली पहिली वसाहत १७९६ मध्येच मोडली. कैद्यांची वसाहत पुन्हा उभी राहिली ती १८५८ मध्ये, सत्तावन्नच्या उठावानंतर. १८१८ मध्ये तिथे कुणाला पाठवणं शक्यच नव्हतं.

नौपाडेकर

मनीषाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. घरात ‘अंदमान’ असं कुणी म्हणत नाही, ‘काळं पाणी’ एवढंच.

ऐरोलीची_मनीषा

मग दार पूर्ण बंद नाही. त्या काळात समुद्रापार पाठवायचे ते पिनांगला, बेंकुलेनला आणि १८१५ पासून मॉरिशसला. मॉरिशसचे रस्ते आणि पूल बांधायला हिंदी कैदी लावले होते. १८३६ मध्ये डार्विनचं जहाज पोर्ट लुईला थांबलं तेव्हा त्याने हे कैदी पाहिले आणि त्यांच्याबद्दल आदराने लिहिलं. फक्त हे लोक दरोडा, खून, बंड अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेले असत. लढाईत पकडलेला शिपाई त्यात जायचा तर त्याच्यावर आधी बंडाचा किंवा लुटीचा खटला व्हायला हवा. तसा खटला झाला असेल तर कागद जास्तच सापडतील, कारण कोर्ट भरपूर लिहितं.

सानपाड्याचा_सुमेध

मी जहाजावर होतो, आता निवृत्त. गोऱ्यांच्या जहाजांवरच्या हिंदी खलाशांचा म्हणजे लास्करांचा इतिहास हा माझा छंद. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नौदल खात्याची १०३ क्रमांकाची एक मालिका आहे, नेपोलियनच्या काळातल्या युद्धकैद्यांच्या नोंदवह्यांची. एकेका कैद्याची एकेक ओळ: अनुक्रमांक, नाव, कुठल्या जहाजावरून धरला, तारीख, वय, जन्मगाव, उंची, चेहरा, केसांचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात सुटका, अदलाबदल की मृत्यू. फ्रेंच, डॅनिश, अमेरिकन, सगळे त्यात आहेत. ती पानं पाहिली तेव्हा मी थक्क झालो होतो. एखाद्या डॅनिश खलाशाच्या पणतूला आज घरबसल्या कळतं की पणजोबाच्या गालावर देवीचे वण होते.

तेच इंग्रज, तोच काळ. त्यांनी मराठी कैद्यांच्या वह्या ठेवल्या नसतील असं मला वाटत नाही. शोधा, मिळतील.

वाशीचा_पुस्तकवेडा

वाचनखूण साठवली. सुमेधकाका, देवीच्या वणांची नोंद वाचून अंगावर काटा आला.

मोडीमित्र

सुमेधरावांचा उत्साह मोलाचा आहे, पण या एका मुद्द्यावर मी ठाम असहमत आहे. नौपाडेकरांनी त्या भरवशावर वर्षं घालवू नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

युरोपातल्या त्या वह्या दयेपोटी ठेवल्या नव्हत्या. फ्रेंचांकडे इंग्रज कैदी होते आणि इंग्रजांकडे फ्रेंच. अदलाबदल करायची तर माणसागणिक हिशेब हवा. वर हजारो माणसं वर्षानुवर्षं पोसायची, त्याचा खर्च पार्लमेंटकडे मागायचा. त्यासाठी स्वतंत्र खातं होतं, नॉर्मन क्रॉस आणि डार्टमूरसारखे खास तुरुंग होते. वही ही त्या व्यवस्थेची गरज होती.

आपल्याकडे १८१७-१८ मध्ये यातलं काहीच नव्हतं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पुढे जूनपर्यंत बाजीराव पळत होते, इंग्रज पाठलागावर. पाठलागातली फौज कैद्यांचे तांडे बरोबर नेत नाही. गड पडले तेही बहुतेक बोलीवर, म्हणजे अटी ठरवून. सिंहगड मार्चच्या सुरुवातीला, पुरंदर मार्चच्या मध्याला, रायगड १० मेला. बोली ठरली की शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, चीजवस्त घेऊन घरी. रायगडावर तर खुद्द पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई होत्या, त्यांनाही मानाने जाऊ दिलं. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा वकील) एल्फिन्स्टन याने ११ फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यात बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत घरी जावं असं आवाहन होतं. त्याला माणसं गावी बसवायची होती, कोंडायची नव्हती. जिथे बोली झाली नाही तिथे उलटं टोक: थाळनेरला किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं आणि शिबंदी कापून काढली. त्यावर इंग्लंडातही प्रश्न उठले.

म्हणून साध्या शिलेदाराची सलग ‘कैद्यांची वही’ शोधू नका. विचारायचा प्रश्न असा: या माणसावर पहारा कुणी ठेवला, त्याला शिधा कुणी दिला, आणि सोडताना त्याची हमी कुणी घेतली? कागद त्या लोकांकडे तयार होतो. कैदी स्वतः काही लिहीत नाही.

जुने_ठाणे

मोडीमित्रांनी फार महत्त्वाचं सांगितलं. याला ठाण्याचंच उदाहरण देतो, बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे.

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात झाला. इंग्रजांनी त्रिंबकजींना ताब्यात मागितलं आणि सप्टेंबरात ते मिळताच ठाण्याच्या किल्ल्यात आणून ठेवलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, फितुरी नको म्हणून. पण त्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं. एका अधिकाऱ्याच्या पदरी मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, होता. तो खिडकीखाली घोडं फिरवता फिरवता गाणी म्हणायचा आणि गाण्यातून बाहेरची तयारी आत पोचायची. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. बिशप हेबरने ती गोष्ट आपल्या प्रवासवर्णनात घेतली आणि गाण्याचं इंग्रजी पद्यही छापलं, म्हणून ती जगभर गेली.

आता मोडीमित्रांचा प्रश्न लावून बघा. पहारा मुंबई सरकारचा, मागणी पुण्याच्या रेसिडेंटची. म्हणून ठाण्यातल्या कैदेचे कागद मुंबई सरकारच्या गुप्त व राजकीय खात्याच्या डायऱ्यांत आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात. १८१८ मध्ये त्रिंबकजी नाशिककडे अहेरगावात पुन्हा सापडले आणि पुढे गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात गेले. तो मुलूख बंगाल सरकारचा. म्हणून नंतरचे कागद कलकत्त्याच्या सरकारचे, आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहात. माणूस एक, दप्तरं तीन.

भटकी_बेलापूरकर

उलट्या बाजूचे कैदीही विसरू नका. हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी हैदराबादेहून पुण्याला येताना उरुळीजवळ पेशव्यांच्या लोकांनी धरले. आधी महाडकडच्या कांगोरीवर, म्हणजे मंगळगडावर ठेवले, मग वासोट्याला. एप्रिल १८१८ मध्ये वासोटा पडला तेव्हा ते सुटले, आणि त्यांच्याबरोबर तिथे ठेवलेली साताऱ्याच्या राजघराण्यातली माणसंही.

बामणोलीहून लाँचने जाऊन वासोटा चढलात की समोर जंगल आणि खाली शिवसागर. आज तिथे एक दिवस फिरायला छान वाटतं. इथे महिनोन्‌महिने कोंडून राहायचं म्हणजे काय, ते त्या कड्यावर उभं राहिलं की कळतं.

सानपाड्याचा_सुमेध

मोडीमित्र, मान्य, वह्या का ठेवल्या त्याचं कारण तुम्ही नेमकं सांगितलंत. पण भटकी म्हणतात त्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, तारखा, गड, सगळं इतिहासात आहे. राणोजींबरोबरचे शेकडो लोक मात्र ‘शत्रूकडील काही इसम’. हे सलतं.

मोडीमित्र

सलायलाच हवं. म्हणून तर आपण शोधतोय.

कळव्याची_आजी

मी इतिहासवाली नाही, घरच्या अनुभवाचं सांगते. आमच्या सासरची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाली. गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी लाल कापडात बांधलेली वही सोडली, आणि यांच्या पणजोबांनी स्वतः लिहिलेली ओळ समोर. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मुलांची नावं काय, सगळं होतं. नौपाडेकर, संगमनेरहून त्र्यंबक फार लांब नाही, तुमचे लोक तिकडे गेलेच असतील. राणोजींना मुलं किती होती आणि ती कुठल्या साली आली हे कळलं तर तुमचा काळ तरी पक्का होईल.

आणि एक सावधगिरी. वंशावळ करून देतो म्हणणाऱ्या एकाने माझ्या भाच्याकडून बरेच पैसे घेतले आणि छापील कागदावर थेट राजघराण्याशी नातं जोडून दिलं. पुरावा विचारला तर फोन उचलत नाही. असल्यांच्या नादी लागू नका.

घणसोलीचा_प्रशांत

आजी +१. आमच्या सोसायटीतही असा एक ‘राजवंश’ फ्रेम करून लिफ्टशेजारी लावलाय. लिफ्ट येईपर्यंत सगळे मुजरा करून घेतात.

वाशीचा_पुस्तकवेडा

:)) अवांतर: काळा घोड्याला कागद बघायला गेलं की दुपारी जेवायचं कुठे, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

जुने_ठाणे

तो धागा काढाच, तोवर कामाचं सांगतो. अभिलेखागारात जाताना ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज न्या, लिहायला पेन्सिल न्या. तिथे आधी सूची बघायची, मग खंड मागवायचा. आणि शोधताना इंग्रजांच्या कानाने शोधा: ठाण्याचं ‘टॅना’, साष्टीचं ‘सालसेट’, डेंगळ्यांचं ‘डैंग्लिया’. राणोजीचं ‘रानूजी’, ‘रन्नोजी’ काहीही असू शकतं. घरबसल्या सुरुवात करायची तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळ आहे, त्यावरही हीच रूपं घालून पाहा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला होता आणि त्यांची सूची त्यानंतर बराच काळ विस्कळीत होती, हे लक्षात ठेवा.

त्याआधी ठाण्यातच मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची संस्था आहे. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, रेसिडेन्सी पत्रव्यवहाराचे छापील खंड, पेशवे दफ्तरातले निवडक कागद असं काय काय तिथे मिळतं ते विचारा. छापील वाचून मग मूळ कागदाकडे गेलं की वेळ वाचतो.

ऐरोलीची_मनीषा

मला एक वेगळीच शक्यता दिसते. नौपाडेकर दादांचं गाव संगमनेरकडचं. त्रिंबकजींचं निमगाव जाळी त्याच भागातलं. ठाण्याहून निसटल्यावर त्रिंबकजींनी १८१७ च्या सुरुवातीला महादेवाच्या डोंगरात माणसं जमवली. त्यांच्या भागातली, ओळखीची माणसं त्यांच्याकडे गेली असणार. राणोजी त्यांतले असतील तर इंग्रजांच्या लेखी ते युद्धकैदी नाहीत, बंडखोर. युद्ध अजून सुरूच झालं नव्हतं. मग १८१८ ऐवजी १८१७ चा पहिला भाग बघायला हवा.

किंवा मग त्रिंबकजींची ठाण्यातली कैद एवढी गाजली की त्या भागातल्या प्रत्येक घराच्या गोष्टीत ठाणं शिरलं.

जुने_ठाणे

दुसरी शक्यता मला जास्त पटते.

ऐरोलीची_मनीषा

मला पहिली. कागद सांगेल.

सानपाड्याचा_सुमेध

एक कायद्याचा मुद्दा राहिला. एप्रिल १८१८ चं बंगालचं तिसरं रेग्युलेशन म्हणजे खटल्याविना राजकैदी ठेवायची सोय. मुंबई इलाख्यात तशी तरतूद १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने झाली, आणि तीच पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंवर वापरली. मनीषाताई म्हणाल्या तसा खटला झाला नसेल तर कोर्टात काही मिळणार नाही. पण राजकैद्याला नेमणूक, म्हणजे ठरावीक भत्ता, लागते, शिध्याचे पैसे लागतात, ते खर्चात दिसतात. मोडीमित्रांचाच मार्ग.

नौपाडेकर

मंडळी, मधे बरेच दिवस लिहिलं नाही, पण सगळं वाचत होतो. गावी जाऊन आलो. चुलत्यांकडे देवघराच्या फडताळात एक पत्र्याची नळी होती, लहानपणी तिला हात लावू देत नसत. या वेळी काकांनी स्वतः उघडून दिली. आत तीन कागद, मोडीत. दोन जमिनीचे वाटतात. तिसरा जाड, पिवळट, घडीवर फाटलेला, आणि शेवटी शाईने काढलेला एक छोटा नांगर. फोटो चढवले आहेत. मोडीमित्र, कृपया बघाल का?

मोडीमित्र

बघितला. पहिल्यांदा वाचून उठलो, चहा घेतला, पुन्हा वाचला. मग लिहायला बसलो.

हा जामीन कतबा आहे, म्हणजे हमीपत्र. सन दिलाय ‘तिसा अशर मयातैन व अलफ’. तिसा नऊ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार: सुहूर सन (मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना) १२१९. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जून १८१८ ते जून १८१९. बाजीराव ३ जूनला इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले, त्यानंतरचा हा कागद. मनीषाताई, १८१७ च्या बंडात धरले असतील तरी हा कागद सुटकेच्या वेळचा आहे, त्यामुळे तुमचा मुद्दा अजून उभा आहे.

मजकूर थोडक्यात असा: राणोजी ‘सरकारांत अटकेस’ होते, त्यांना सोडून आमच्या हवाली केलं; ते गावात राहतील, हत्यार धरणार नाहीत, सरकार बोलावील तेव्हा आम्ही हजर करू. दोन जामीनदार. एकाने निशाणी नांगर केली आहे, तो गावचा पाटील असणार. दुसऱ्याची निशाणी तागडी, म्हणजे वाणी. दुसऱ्याचं नाव नेमकं घडीत गेलंय. अटक कुठे होती ते लिहिलेलं नाही. ठाण्याचा उल्लेख नाही.

नौपाडेकर, राणोजी गावी परतले होते.

कळव्याची_आजी

देवा. डोळे भरून आले वाचताना.

नौपाडेकर

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मग गेले ते कोण?’ आता हाच प्रश्न घरात सगळ्यांना पडलाय. परतलेले राणोजी पुन्हा कधी नेले, की त्यांचा भाऊ किंवा मुलगा होता कुणी?

मोडीमित्र

आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आता शोध दोन ठिकाणी. एक, पुणे अभिलेखागार. तुमचा भाग १८१८ नंतर अहमदनगरच्या कलेक्टरकडे, म्हणजे हेन्री पॉटिंजरकडे होता. डेक्कन कमिशनरशी झालेल्या त्याच्या १८१८-१९ च्या पत्रव्यवहारात सोडलेल्या लोकांचा विषय बघा. जामिनावर सुटलेला माणूस पुन्हा हत्यार धरतो तेव्हा पहिली विचारणा जामीनदाराला होते, म्हणून पुढच्या वर्षांतही त्याच पाटलाचं नाव शोधत जा.

दोन, खुद्द जामीनदार. असे कतबे दोन प्रतींत असू शकतात आणि जामीनदार आपला कागद जपून ठेवतो, कारण मान त्याची अडकलेली असते. पाटलांचं घर गावात आहे का अजून?

नौपाडेकर

वाडा पडलाय. माणसं मुंबईकडे आली म्हणतात, कुठे ते काकांना माहीत नाही.

कोपरखैरणेची_स्वाती

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. दादा, फोटोतल्या पहिल्या ओळीखाली तुम्ही गावाचं नाव टंकलंय ते माझ्या आत्याच्या सासरचं गाव. तिचे मिस्टर त्याच पाटलांच्या घरातले. माथाडीत होते, माझ्या वडिलांबरोबर तुर्भ्याच्या मार्केटला. आता सेक्टर पाचात राहतात, आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्याकडे वाड्यातून आणलेली एक पेटी आहे, कागदांनी भरलेली, ती कुणाला वाचता येत नाही म्हणून तशीच आहे. रविवारी जाऊन विचारते. तुम्हाला आणि मोडीमित्रांना व्यनि केला आहे, नंबर त्यात आहे. काका तापट आहेत पण जुन्या गोष्टी निघाल्या की तासन्‌तास बोलतात, तुम्ही दोघं आलात तर बरं होईल.